जुन्या बसचे फिरते घर विकताना
जळगाव-धुळ्याकडे जुन्या बसचे फिरते घर विकायला काढताना आतल्या पलंगाचे फोटो काढण्याआधी आरसी बुक उघडून पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार केलेल्या बदलांची नोंद त्यात नसेल, तर व्यवहार आरटीओत अडकू शकतो. जुन्या कर्जाचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवून घ्यावा. हस्तांतराला फॉर्म २९ व ३० लागतात. गिऱ्हाईक सुरतचे किंवा बऱ्हाणपूरचे असेल, तर फॉर्म २८ भरून एनओसीही काढावी. गाडी शक्यतो भर दुपारी दाखवावी आणि छतावर बादलीभर पाणी ओतून रिव्हेटांखालचे प्लायवूड गिऱ्हाइकाला स्वतः चाचपू द्यावे, कारण खान्देशी उन्हात पत्रा फुगून सांधे उघडतात, हे त्यालाही ठाऊक असते.