बाळंतपणात मनाच्या गोळ्या सुरू केल्या आणि जीव घाबरला, तर काय करावं

माझी मुलगी अडीच महिन्यांची असताना मला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कापूस वेचणीचे दिवस होते. चौथ्या रात्री मी अंगणात येरझारा घालत होते. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की पुन्हा बसावंसं, पायांना आतून कोणी ढकलतंय असं. छातीत धडधड, तळहात ओले, तोंड कोरडं. घरातले सगळे वेचून थकून गाढ झोपलेले. गोळीनेच मला वेड लागतंय अशी माझी खात्री झाली आणि सकाळी मी गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं.

ते चुकलं. पण काय करायचं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी डॉक्टर नाही. तेव्हा जे हाताशी हवं होतं, ते नंतर डॉक्टरांना आणि आशाताईंना विचारून इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी: थांबता येईल की लगेच निघायचं?

पहिल्या एकदोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, जुलाब, घाम, हात थरथरणं, झोप उडणं किंवा दिवसभर गुंगी, आणि आधीपेक्षा जास्त घाबरं होणं हे पुष्कळांना होतं. नकोसं असतं, पण बहुतेक वेळा ओसरतं. गोळीचा गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. पहिल्याच आठवड्यात गोळ्या सुटतात त्या यामुळेच.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. मरून जावं असा विचार येतो किंवा तशी तयारी मनात चालू आहे. आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाहीच किंवा त्याच्यात काही वाईट शिरलंय असं पक्कं वाटतं. दोनतीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, भलतेच बेत आखणं चालू आहे. जोराचा ताप, अंग कडक, थरथर आणि बरळणं. ओठ किंवा चेहरा सुजणं, श्वास लागणं, झटके. गाडी येईपर्यंत बाळंतिणीला एकटं ठेवू नका आणि बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर द्या.

वयाचंही बघा. पंचविशीच्या आतल्या माणसांत या गोळ्यांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधांवर छापायला लावला. आपल्या गावांत पहिलटकरीण बहुतेक वीसबावीसची असते. म्हणून पहिला महिनाभर घरातल्या कोणीतरी रोज तिला सरळ विचारावं, "मरावंसं वाटते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आत कोंडलेला असला तर बाहेर पडतो.

गोळी सुरू होईल त्याच दिवशी अजून एक करा. फवारणीची औषधं आणि घरातल्या जास्तीच्या गोळ्या कुलपात घाला, नाहीतर शेजारच्या घरी नेऊन ठेवा. आपल्याकडे फवारणीचा डबा न्हाणीच्या कोपऱ्यात नाहीतर बाजेखाली पडलेला असतो. माझ्या नवऱ्याने तो काही न बोलता काकांच्या गोठ्यात नेऊन ठेवला. मला ते फार नंतर कळलं.

मनात येणाऱ्या भयंकर चित्रांबद्दल

विहिरीजवळून जाताना बाळ हातातून सुटेल असं मला एकदम दिसायचं आणि अंगावर काटा यायचा. मी विहिरीकडे जाणंच सोडलं. मी राक्षसीण आहे असं वाटून कोणापाशी बोलले नाही. असे नको असलेले विचार बऱ्याच आयांना येतात. त्यांची किळस येते, भीती वाटते, ते घडू नये म्हणून आई जिवाचा आटापिटा करते. असे विचार आले म्हणून तसं करायची इच्छा आहे असं होत नाही. पण तेच करायला हवं असं पटू लागलं किंवा आवाज तसं सांगू लागला, तर ती तातडी आहे. यातलं कुठलं आहे हे एकटीने ठरवत बसू नका. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या.

दवाखान्यात ठेवतील आणि बाळ हिरावतील, ही भीती मलाही होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बाळाला धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरतं.

लिहून काढा, मग फोन करा

घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांपुढे काही आठवत नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर मी कालनिर्णयावरच खुणा केल्या: गोळी किती वाजता, झोप किती तास, धडधड कधी. पाच दिवसांच्या खुणा पाहून डॉक्टर म्हणाले, "गोळी रात्री घेता, म्हणून झोप उडते. अर्धी करा आणि सकाळी घ्या." मी महिनाभर सोसायला तयार झाले होते, आणि तोड एवढीशीच निघाली.

गोळी लिहिलेल्या डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर नसेल तर टेलिमानसला फोन करा: १४४१६. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. बोलताना अडखळायला होत असेल तर हे वाचून दाखवा: "माझं बाळंतपण अमुक तारखेला झालं. अमुक गोळी, इतक्या मिलीग्रॅमची, इतक्या दिवसांपासून घेते. मला हे हे होतंय. मी बाळाला पाजते." गोळीचं पाकीट हातात धरून बोला.

आशाताई बाळंतिणीकडे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी येतात. त्यांना फक्त बाळाचं वजन दाखवून पाठवू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी कोणत्या वारी असते हे त्यांच्याकडून विचारून घ्या, म्हणजे एसटीची एक खेप वाया जात नाही.

तोपर्यंत गोळीचं काय?

वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर आपल्या मनाने बंद करू नका, वाढवू नका आणि चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढू नका. डोस कमी करणं, वेळ बदलणं, औषधच बदलणं, सगळं होऊ शकतं, पण डॉक्टरांच्या हातून.

मळमळत असेल तर उपाशीपोटी घेऊ नका. अर्धी भाकर आणि वरण पोटात गेल्यावर घ्या. चहा दोन कपांवर आणा, विशेषतः दुपारनंतर नको. जीव घाबरला की दारातल्या पायरीवर बसून पाय जमिनीला टेकवून सावकाश श्वास सोडा, आत घेता त्याहून लांब.

झोप ही या आजारात औषधाइतकीच महत्त्वाची. रात्रीचे सलग चार-पाच तास कोणीतरी बाळ सांभाळून द्यावं. माझी माय पाजण्यापुरती मुलगी माझ्याकडे आणायची आणि परत घेऊन जायची. झोपेची किंवा घबराटीची वेगळी गोळी सोबत दिली असेल, तर बाळाला त्याच बाजेवर घेऊन झोपू नका. गुंगीत बाळ दबू शकतं.

दूध

सासूबाई म्हणाल्या, "गोळ्याइनं दुधात इख उतरते." त्यांचं काळीज नातीसाठीच तुटत होतं, म्हणून मी त्यांना सोबत घेऊन गेले आणि डॉक्टरांनाच सांगायला लावलं. सर्ट्रालीनसारखी गोळी दुधात फार थोडी उतरते आणि पाजणाऱ्या आईला म्हणून ती बरेचदा दिली जाते. सगळ्या गोळ्या मात्र सारख्या नसतात, त्यामुळे आपल्या गोळीचं नाव घेऊन विचारा. बाळ फार सुस्त वाटलं, नीट ओढत नसेल, सारखं चिरकत असेल, वजन वाढत नसेल, तर दाखवा. नवव्या महिन्याआधी जन्मलेल्या बाळाचं आधीच सांगून ठेवा.

इतर औषधं

मेडिकलमधून अंगदुखीची किंवा खोकल्याची बाटली विचारल्याशिवाय आणू नका. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमिथॉर्फन नैराश्याच्या गोळ्यांसोबत जड जाऊ शकतात, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने रक्तस्राव वाढू शकतो. काढा, जडीबुटी चालू असेल तर तेही सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. रक्त कमी असणं आणि थायरॉइडचा बिघाड यांनीही थकवा आणि धडधड होते, तेव्हा दोन्ही तपासायला सांगा.

घरच्यांना नजर उतरवायची असेल तर उतरवू द्या. मी उतरवून घेतली आणि मग गोळी घेतली. उपाशी ठेवणं, धुरी कोंडणं, मारणं मात्र कोणालाही करू देऊ नका.

बरं वाटू लागल्यावर

दीड महिन्याने मला पाखरांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. आता गोळी कशाला, असं तेव्हाच वाटतं. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी औषध चालतं, आणि थांबवताना डोस हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर गरगरतं, डोक्यात विजेचे चटके बसल्यासारखं होतं, चिडचिड होते. एसटी चुकली, पैसे नव्हते, मेडिकलमध्ये माल नव्हता, अशाने मधेच खंड पडतो. म्हणून पाकिटात सात गोळ्या उरल्या की मी कालनिर्णयावर लाल गोल करायचे, आणि त्या बाजारच्या दिवशी पुढचं पाकीट यायचं.