नार्कोटिकचा हिशोब जुळला नाही तर: टेक्सासला नव्याने आलेल्या नर्सेससाठी

ह्यूस्टनला घर कुठे घ्यावं, गाडी कुठली घ्यावी, क्रेडिट स्कोअर कसा वाढवावा हे सांगायला मराठी मंडळातले पन्नास जण तयार असतात. नार्कोटिकचा, म्हणजे मॉर्फिनसारख्या कडक नियंत्रणातल्या वेदनाशामकांचा, हिशोब जुळत नाही म्हणून एचआरने बोलावलं तर काय करायचं, हे सांगायला कुणी नसतं. आपल्यात नर्सेस मोजक्या, बाकी सगळे आयटीत नाहीतर तेल कंपन्यांत. त्यांचा सल्ला मायेचा असतो, पण एका वाक्यात संपतो: "तू काही केलं नाहीस ना, मग घाबरतेस कशाला?" हे ऐकून निर्धास्तपणे मीटिंगला गेलेल्यांची नर्सिंगची लायसन्स अडकलेली मी पाहिली आहेत. मल्याळी नर्सेस या बाबतीत शहाण्या. त्यांची संघटना आहे, आणि नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर बाजूला घेऊन चार गोष्टी सांगते. आपल्याकडे ते होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे मॉर्फिन म्हणजे दोन कुलपांचं कपाट, सिस्टरकडच्या किल्ल्या, नोंदवही आणि परत करायच्या रिकाम्या ॲम्प्युल. कित्येक वॉर्डांत महिनोन्महिने ते लागतही नाही. इथे सर्जिकल फ्लोअरवर एका रात्रीत किती वेळा डायलॉडिड (मॉर्फिनपेक्षा जालीम वेदनाशामक) काढलं याची गणती राहत नाही. तुमच्या लक्षात राहत नाही, मशीनच्या राहते. औषधांचं कम्प्युटरवालं कपाट पिक्सिस असो की ऑम्निसेल, कुणाच्या बोटाच्या ठशाने, कुठल्या पेशंटच्या नावावर, किती वाजून किती मिनिटांनी काय काढलं, उरलेलं किती वाजता टाकलं, साक्षीदार कोण, सगळं त्यात असतं. मग एक सॉफ्टवेअर तुमचे आकडे युनिटमधल्या इतर नर्सेसशी ताडून पाहतं. कुणाचं माप फार पुढे गेलं की नाव वर येतं. आता विचार करा, माप कुणाचं पुढे जाणार? जास्तीच्या रात्री करणाऱ्याचं, नेहमी ताज्या ऑपरेशनचे पेशंट घेणाऱ्याचं, "तू ब्रेकला जा, तुझ्या पेशंटला मी देते" म्हणणाऱ्याचं. म्हणजे नव्याने आलेल्या, कर्ज फेडणाऱ्या, नाही म्हणता न येणाऱ्या आपल्याच माणसांचं.

हॉस्पिटलं इतकी का बिथरतात तेही समजून घ्या. न्यू हॅम्पशायरमधल्या एका हॉस्पिटलात डेव्हिड क्वियात्कोव्स्की नावाचा टेक्निशियन फेंटानिलच्या सिरिंज चोरून स्वतःला टोचायचा आणि त्याच परत ठेवायचा. त्यातून पेशंटना हेपटायटिस सी झाला. २०१३ साली त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी तो अनेक राज्यांतली हॉस्पिटलं फिरून आला होता. २०१५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलने औषधं गहाळ झाल्याच्या प्रकरणात सरकारला २३ लाख डॉलर मोजले. तेव्हापासून कुठलंही हॉस्पिटल "बघू, चूक झाली असेल" म्हणत बसत नाही. आधी तुम्हाला घरी पाठवतं.

रोजच्या सवयींबद्दल थोडक्यात. ऑर्डरएवढंच काढा, उरलेलं तिथल्या तिथे टाका, व्हायल खिशात ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. पेशंटने नको म्हटलं तर लगेच परत करा. आधीचा आणि नंतरचा पेन स्कोअर लिहा. आणि डोळ्यांनी न पाहिलेल्या वेस्टवर (उरलेलं औषध टाकल्याच्या नोंदीवर) साक्षीदार म्हणून बोट टेकवू नका. "अगं, मी टाकलंय, तू फक्त साइन कर" असं म्हणणारी मैत्रीण कितीही गोड असली तरी नाही. तिच्यावर आळ आला की त्या ओळीत दुसरं नाव तुमचंच असतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मॅनेजर हसतमुखाने म्हणेल, "पाच मिनिटं येतेस का? काळजीचं काही नाही, फक्त तुझी बाजू ऐकायची आहे." खोलीत एचआर, फार्मसीचा माणूस, कधी सिक्युरिटी. समोर छापील कागद: अमुक तारखेला काढलं, चार्टमध्ये दिल्याची नोंद नाही, वेस्टही नाही. दीड महिन्यापूर्वीची रात्र कुणाला आठवणार? पण मोठ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं आणि चूक नसली तरी आधी "सॉरी" म्हणायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं. सोलापूरकडची एक मुलगी, तीन वर्षं एकही तक्रार नाही. त्या खोलीत ती रडत म्हणाली, "सॉरी, कदाचित माझ्याकडून राहिलं असेल, कदाचित खिशात घरी गेलं असेल." तिने तसं लिहूनही दिलं, सही केली. तो कागद लायसन्स देणाऱ्या टेक्सास नर्सिंग बोर्डाकडे गेला. कोडच्या (पेशंटचं हृदय थांबल्यावरच्या धावपळीच्या) गडबडीत ते औषध पेशंटला दिलेलं होतं आणि नोंद दुसऱ्या शीटवर होती, हे पुढे वकिलाने शोधून काढलं. पण "घरी गेलं असेल" हे वाक्य तिच्याच अक्षरात होतं. ते पुसायला दीड वर्ष आणि साठवलेले सगळे पैसे गेले.

म्हणून पाठ करून ठेवा: "मला सहकार्य करायचं आहे, पण रेकॉर्ड पाहून आणि माझ्या वकिलाशी बोलून मी लेखी उत्तर देईन." एवढंच. त्यापुढे शांत बसता आलं पाहिजे. नोकरी जाईल? जाऊ शकते. बोलून वाचली असती असंही नाही. नोकरी दुसरी मिळते, लायसन्स एकच असतं. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचा असतो, तुमचा नव्हे, तो कितीही आपुलकीने बोलला तरी.

चाचणीचं मात्र उलट. लघवीचा नमुना मागितला तर त्याच दिवशी द्या. नकार पॉझिटिव्हसारखाच धरतात, आणि त्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट पुढे फार कामाला येतो. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं तिथेच सांगा.

घरी आलात की त्या शिफ्टबद्दल आठवेल ते सगळं वकिलासाठी म्हणून लिहून काढा: कोण ड्युटीवर होतं, कुठले पेशंट, कोण कोड झाला. मेसेज डिलीट करू नका. आणि पुरावा शोधायला घरून लॉगिन करून जुने चार्ट उघडू नका. तो हिपाचा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचा, भंग होतो आणि एकाचे दोन आरोप होतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षरही नको.

राजीनामा दिला की प्रकरण मिटतं हा आणखी एक गोड गैरसमज. संशय असेल तर हॉस्पिटलला टेक्सास बोर्डाला कळवावंच लागतं. लायसन्स "स्वखुशीने" परत करणं हीसुद्धा कारवाईच. ती नर्सिसवर (नर्सेसची लायसन्स तपासायची वेबसाइट) दिसते, नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत (आरोग्य व्यावसायिकांवरच्या कारवायांची देशपातळीवरची नोंद) जाते, आणि दुसऱ्या राज्यात अर्ज केलात की तिथेही विचारतात. बोर्डाचं पत्र नोंदलेल्या पत्त्यावर येतं. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा असतो. अपार्टमेंट बदलून पत्ता तोच ठेवला की उत्तराची मुदत तुमच्या नकळत निघून जाते. पत्रासोबत तडजोडीची ऑर्डर आली तर "फक्त वॉर्निंग आहे" म्हणून सही करू नका, तीही सगळ्यांना दिसते. पटली नाही तर ऑस्टिनला स्वतंत्र न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. मात्र तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, हे ध्यानात असू द्या.

ग्रीनकार्डवर किंवा व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा. टेक्सासमध्ये नर्सने नार्कोटिक वळवणं, म्हणजे पेशंटऐवजी स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी काढणं, हा फेलनी (गंभीर गुन्हा) आहे. फौजदारी वकील म्हणेल, "डिफर्ड ॲडज्युडिकेशन (गुन्हा कबूल, पण निकाल लांबणीवर आणि तोवर देखरेख) घे, तुरुंग नाही, शिक्षेची नोंदही नाही." टेक्सासच्या कायद्यापुरतं ते खरं. इमिग्रेशनच्या कायद्यात गुन्हा कबूल करून कोर्टाने कसलंही बंधन घातलं की ते कन्व्हिक्शनच (गुन्हा सिद्ध झाल्यासारखंच), आणि ड्रग्जचं कन्व्हिक्शन म्हणजे देशाबाहेर काढण्याचं कारण. आई आजारी म्हणून भारतात गेलात तर परत येताना विमानतळावरच अडकाल. २०१० साली सुप्रीम कोर्टाने पडिया खटल्यात सांगितलं की गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाने हे परिणाम अशिलाला समजावलेच पाहिजेत. तरी विचारायचं तुम्हीच.

भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा आजच उघडून बघा. कोडिनवालं खोकल्याचं औषध, पाठदुखीची ट्रामाडॉल: ट्रामाडॉल इथे २०१४ पासून नियंत्रित यादीत आहे. इथल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन नसताना ते तुमच्या लघवीत सापडलं तर तुम्ही गुन्हेगार नसूनही तसेच दिसाल. आणि हो, खसखस. तिच्यात मॉर्फिनचा अंश असतो. १९९८ मध्ये फेडरल चाचण्यांची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली ती मुख्यतः याच घोळामुळे, आणि २०२३ मध्ये पेंटागॉनने सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं. हॉस्पिटलची मर्यादा कमी असू शकते. दिवाळीत अनारसे बिनखसखशीचे करा, सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

खरंच सवय लागली असेल, तर टीपॅपनकडे जा. टेक्सासच्या नर्सेससाठीचा पीअर असिस्टन्स (व्यसनातून सावरायला मदत करणारा) कार्यक्रम आहे, लाजण्यासारखं काही नाही, त्यातून सावरून परत बेडसाइडला आलेल्या चांगल्या नर्सेस मला माहीत आहेत. पण व्यसन नसताना निव्वळ कटकट मिटावी म्हणून त्यात शिरू नका. अचानक बोलावल्या जाणाऱ्या चाचण्या, त्यांचा खर्च तुमच्या खिशातून, कामावर निर्बंध, आणि नार्कोटिकला हात लावायची बंदी असलेल्या नर्सला नोकरी देणारं युनिट शोधत फिरणं.

स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकीच्या आरोपांसाठीचा विमा) वर्षाला साधारण शंभर-दीडशे डॉलरमध्ये येते. हॉस्पिटलची पॉलिसी हॉस्पिटलला वाचवते. घेताना लायसन्स डिफेन्सचा (बोर्डासमोर लायसन्स वाचवायच्या वकिलाचा) खर्च तिच्यात आहे का ते वाचा, आणि पहिल्या पगारातून घ्या, कारण आरोप झाल्यावर घेतलेली त्या आरोपाला चालत नाही. वकील निवडताना विचारा: टेक्सास नर्सिंग बोर्डासमोरच्या केसेस नेहमी करता का, आणि माझ्या इमिग्रेशन वकिलाशी स्वतः फोनवर बोलाल का? दुसऱ्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.