रंगपंचमी ते पाडवा: जुन्या सागवानी खुर्चीला आणि घराला दहा दिवस

नाशिकात होळी झाली की लगेच पॉलिशचं काम काढू नये. इथला खरा रंग रंगपंचमीचा. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले मोठे हौद, त्या दिवशी रंगाने भरतात आणि रंगाचं पाणी घराच्या ओट्यापर्यंत येतं. ओल्या पॉलिशवर त्याचे चार थेंब उडाले तर डाग पुसून निघत नाही, थरच खरवडावा लागतो. म्हणून फाल्गुन वद्य षष्ठीला सुरुवात करायची. तिथून अमावास्येपर्यंत दहा दिवस हातात राहतात, पुढच्या दिवशी पाडवा. एवढ्यात वेताच्या बैठकीची एक खुर्ची, गुढीखालचा पाट आणि बैठकीची खोली नीट होते. चार खुर्च्या आणि कपाटही घ्यायचं ठरवलं, तर सणाच्या सकाळी सगळं अर्धवट आणि चिकट असतं.

या दिवसांतली कोरडी हवा पॉलिशला पोषक असते. हेच काम पावसाळ्यात केलं तर हवेतली ओल थरात अडकते आणि चमक येण्याऐवजी पांढरट झाक दिसते. पण कोरड्या हवेत लाकूड आकसतं, हेही लक्षात ठेवा. टेबलाचा खण आत्ता सहज सरकतो म्हणून त्याला अगदी बेतशीर बसवू नका. दोन मिलिमीटर फट राहू द्या, नाहीतर आषाढात तो अडकून बसेल. उलट पावसाळ्यात अडकणारा खण तेव्हाच रंधून काढला, तर उन्हाळ्यात तो खुळखुळतो.

आधी खुर्ची उलटी करा

पहिला दिवस फक्त तपासणीचा. बैठकीखाली, पायांच्या तळाशी आणि सांध्यांत बघा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल, तर आत कीड जिवंत असू शकते. भुसा झटकून खाली काळा कागद अंथरा. दोन दिवसांनी कागदावर नवं पीठ दिसलं, तर लाकडासाठीचं कीडनाशक सुईने प्रत्येक भोकात भरा, खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवस ठेवा आणि मगच पुढे जा. पॉलिश झाल्यावर औषध लाकडात शिरत नाही, म्हणून हा क्रम बदलू नका. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचं मूळ भिंतीत किंवा जमिनीत असतं, नुसत्या खुर्चीवर उपाय करून भागत नाही.

मग जुनं पॉलिश कोणतं ते ओळखा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटने भिजलेला कापूस मिनिटभर दाबून ठेवा. जागा चिकट झाली, तर ते चपडी लाखेचं पॉलिश. जुन्या वाड्यांतल्या सामानावर बहुतेक हेच असतं आणि ते स्पिरिटनेच निघतं. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). ते घासूनच काढावं लागतं. खुर्चीला जुना तेलरंग असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगात ते भरपूर असू शकतं. पाणी मारत वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना दूर ठेवा आणि पडलेला चिखल कागदात गुंडाळून टाका.

सांधे आणि वेत

डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. खिळ्याने लाकूड फुटतं, सांधा पुढच्या वर्षी पुन्हा हलतो आणि तेव्हा सुताराला पकडायला शाबूत लाकूड उरत नाही. सैल सांधा सावकाश पूर्ण उघडा. आत तपकिरी, काचेसारखा कडक थर दिसेल, तो जुना सरस. कोमट पाण्याच्या फडक्याने तो दहा-पंधरा मिनिटांत मऊ होतो, मग बोथट सुरीने खरवडा. नवा फेविकॉल कोऱ्या लाकडाला धरतो, जुन्या सरसाला नाही. पुष्कळ जणांची दुरुस्ती इथेच फसते. लाकूड रात्रभर वाळू द्या, दोन्ही बाजूंना पातळ फेविकॉल लावून सांधा बसवा. क्लॅम्प नसेल तर पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घ्या, मध्ये काडी घालून पीळ द्या आणि काडी अडकवून ठेवा. बाहेर आलेला फेविकॉल तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा. तो राहिला तर तिथे पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग कायम दिसतो. चोवीस तास हात लावू नका.

वेत तुटलेला नसेल, नुसता झोळ पडला असेल, तर पैसे खर्च करण्याआधी हे करा. खुर्ची उलटी ठेवा आणि गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बैठकीच्या खालच्या बाजूला अर्धा तास पसरून ठेवा. वरची बाजू गुळगुळीत असते, पाणी पीत नाही, खालची पिते. मग सावलीत, वारा लागेल अशी दिवसभर वाळवा. ओला वेत वाळताना आकसतो आणि जाळी ताणली जाते. बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला हवा. उन्हात वाळवू नका, वेत चिरतो. दोन-तीन पट्ट्या तुटल्या असतील तर मात्र बैठक नव्याने विणून घ्या. उभे दोन, आडवे दोन आणि तिरपे दोन असे सहा फेरे असतात. ते विणकराचंच काम, आणि त्याचे दिवस वेगळे धरायचे.

घासणं आणि पॉलिश

आता चौथा किंवा पाचवा दिवस. एका खुर्चीसाठी १२०, १८० आणि ३२० नंबरचे दोन-दोन पॉलिश पेपर, १२० ग्रॅम चपडी लाख आणि अर्धा लिटर स्पिरिट पुरतं. चपडी आदल्या रात्रीच काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये भिजत घाला, मधूनमधून हलवा आणि सकाळी जुन्या मलमलीतून गाळा. धातूच्या डब्यात ठेवू नका, काळपट पडते. स्पिरिट लगेच पेटतं, तेव्हा गॅस, उदबत्ती, देवघरातली समई यांच्यापासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून काम करा.

घासताना कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलेलं त्या वेळी दिसत नाही, पहिला हात चढला की ओरखडे उठून दिसतात. १२० नंतर एकदम ३२० घेऊ नका. ३२० ला १२० चे ओरखडे काढता येत नाहीत, तो फक्त त्यांना चमकवतो. भेगा असतील तर त्याच लाकडाचा घासलेला बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून लांबी भरा. १८० झालं की ओल्या फडक्याने सगळीकडून एकदा पुसा. लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळल्यावर ३२० ने अलगद उतरवा. ही पायरी गाळली, तर ते तंतू पहिल्या हातानंतर उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. पातळ व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असेल तर १८० पेक्षा खरखरीत पेपर घेऊच नका, तो थर एक मिलिमीटरपेक्षाही कमी असतो.

कापसाच्या बोळ्यावर बरेचदा धुतलेलं सुती कापड गुंडाळा. बोळा चपडीत बुडवून पिळा. हाताच्या पाठीवर टेकवल्यावर ओल लागावी, थेंब ओघळू नये. पहिले तीन हात लाकडाच्या रेषेने सरळ, पुढचे आठाच्या आकड्यासारखे फिरवत. बोळा मध्येच थांबवला की खालचा थर विरघळून चिकटतो आणि पाय पडल्यासारखी खूण उरते. बोळा अडखळायला लागला तर त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब. दोन हातांच्या मध्ये किमान अर्धा तास, दिवसाला तीन-चार हात, आणि प्रत्येक सकाळी ३२० ने हलकं घासून पुढे. तीन दिवसांत दहा हात होतात. वेळ सकाळी आठ ते अकरा. दुपारच्या उन्हात स्पिरिट बोळ्यातच उडतं आणि पट्टे पडतात.

जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हवेशी संयोग होताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

जेवणाच्या टेबलाला चपडी लावू नका. गरम भांडं आणि पाणी तिला सहन होत नाही. तिथे पीयू बरं.

उरलेले दिवस घराचे

शेवटचा हात सातव्या-आठव्या दिवशी, म्हणजे खुर्चीला सुकायला दोन दिवस मिळतात. तेवढ्यात जाड पडदे काढून सुती लावा. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा असेल तर तो तिथेच, दुपारी पाणी शिंपडायला सोपं. ताजं पॉलिश झालेली खुर्ची त्या खिडकीसमोर ठेवू नका. गुढीचा तांब्या लिंबू आणि मीठ लावून घासा, पण लगेच धुऊन कोरडा पुसा, नाहीतर आंबटाचे हिरवे डाग पडतात. कुंड्यांतली माती वरून दोन इंच उकरून शेणखत मिसळा. झेंडू आदल्या संध्याकाळीच आणावा. तोरणाला आंब्याची पानं सकाळी.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माणसं येतील आणि खुर्चीच्या हातावर हळद सांडेलच. ओल्या फडक्याने चोळू नका, स्पिरिटने तर मुळीच नाही; डागासोबत पॉलिशही निघेल. कोरड्या ब्रशने झटका आणि खुर्ची दोन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.