ड्रमभर कचऱ्याचं खत किती?

२०० लिटरचा ड्रम भरला म्हणजे जळगावच्या आमच्या परसातल्या सगळ्या कुंड्यांची सोय झाली, असं मी धरून चाललो होतो. निघालं चारच घमेली! केळीच्या सालीत, भाजीच्या देठांत बहुतेक पाणीच असतं. ते उडतं, शिवाय कुजताना बराच कर्बही हवेत जातो. आता भरलेल्या उंचीचा चौथा हिस्सा धरतो, फार तर तिसरा.

वैशाखात मात्र ढीग कोरडा पडून कुजणंच थांबलं होतं. मुठीत दाबल्यावर जेमतेम ओल लागेल इतकं पाणी शिंपडलं, वर ओलं गोणपाट टाकलं. आठवड्याने आत हात घातला तर छान ऊब लागली. यंदा ५० लिटर धरलंय. भरिताच्या वांग्यांची रोपं तेवढ्याच हिशोबाने लावतोय.