डोंगरातल्या बाईंची कादंबरी मराठीत आणताय? या चुका टाळा

अनुवादाच्या कार्यशाळेत मी बरीच वर्षं एकाच कादंबरीतलं प्रकरण सरावाला देते. कॅथरिन मार्शल यांची 'क्रिस्टी', १९६७ची. १९ वर्षांची मुलगी नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचं सुखाचं घर सोडते आणि १९१२च्या जानेवारीत टेनेसीच्या स्मोकी डोंगरांत, कटर गॅप नावाच्या वस्तीवर मिशनच्या शाळेत शिकवायला जाते. एकच खोली आणि ६७ पोरं. वाचताना इतकी सरळ वाटते की पहिल्या दिवशी सगळे म्हणतात, "मॅडम, हे तर सोपंय." दुसऱ्या दिवशी त्यांची पानं माझ्या हातात येतात. मंडळी दर वर्षी नवी, चुका मात्र त्याच. बोलून बोलून घसा बसला, म्हणून आता लिहून काढते.

डोंगरातले म्हणजे आदिवासी, आणि मिशन म्हणजे धर्मांतर

ही चूक माझ्या डोक्यात जाते, म्हणून आधी हिच्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात आमच्या कार्यशाळेतल्या मुलांचं वाचन ठेवलं होतं. एका हुशार मुलाने पहिलं प्रकरण केलं होतं. भाषा चांगली, वाचनही छान. पण पठ्ठ्याने 'मिशन'चं 'धर्मप्रसार केंद्र' केलं होतं आणि डोंगरातल्या माणसांना सरसकट 'आदिवासी' म्हटलं होतं. दहा मिनिटं झाली असतील नसतील, पुढच्या रांगेतले एक निवृत्त काका उठले. "म्हणजे यांनी तिथंही बाटवाबाटवी केलीच तर!" झालं. मागच्या रांगेतून उत्तर आलं, त्याला प्रत्युत्तर आलं, कुणीतरी गोव्याच्या इतिहासात शिरलं, कुणीतरी आपल्या आजोबांच्या मिशन शाळेतल्या मास्तरांची बाजू घेऊन भांडायला लागलं. तासभर. पोस्टमनच्या मागोमाग बर्फातून सात मैल चालत निघालेली आमची क्रिस्टी त्या संध्याकाळी शाळेपर्यंत पोचलीच नाही.

काकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना जे शब्द ऐकू आले त्यावर ते बोलले.

ही डोंगरातली माणसं कोण होती? स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड, इंग्लंड इथून आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचे वंशज. पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. क्रिस्टी त्यांना ख्रिस्ती करायला जातच नाही, ते आधीपासून आहेतच. देशातल्या देशात, आपल्याच धर्माच्या पण रस्ता, डॉक्टर, शाळा न पोचलेल्या माणसांकडे शिक्षक आणि पाद्री पाठवायचे, अशी ती चळवळ होती. त्याच काळात शेजारच्या केंटकीत बायकांनी डोंगरी मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, हिंडमनची १९०२ची, पाइन माउंटनची १९१३ची. त्यांच्याबद्दल थोडं वाचलंत तर कटर गॅपची शाळा डोळ्यांसमोर उभी राहील.

आणि त्या डोंगरांतले खरे मूळ रहिवासी म्हणजे चेरोकी. १८३८ साली त्यांच्यातल्या बहुतेकांना सैन्य लावून पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो मेले. थोडे मागे राहिले, त्यांचे वंशज आजही स्मोकीच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला राहतात. आता चेरोकींच्या जागी येऊन बसलेल्यांच्या नातवंडांनाच तुम्ही 'आदिवासी' म्हणालात तर काय होतं, सांगा बरं. हाकललेल्यांचं नावसुद्धा काढून घेतल्यासारखं होतं. एवढा विचार करायला पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं कुणाकडे नसतात, कारण रात्रीत दहा पानं 'संपवायची' असतात.

मी काय करते? 'डोंगरातली माणसं', फार तर 'डोंगरकडचे लोक'. 'मिशन' मिशनच ठेवते. हा शब्द मराठीत दोनशे वर्षं आहे, त्याचं आणखी मराठीकरण करायची गरज नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक मुंबईत १८१३ला उतरले. सिंथिया फरार नावाच्या शिक्षिका १८२७ला आल्या, वयाच्या बत्तिशीत, आणि आधी मुंबईत, मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत इथेच राहिल्या. जोतीराव फुल्यांनी नगरची त्यांची शाळा पाहिली होती. तरुण मिशनरी शिक्षिकेची ओळख मराठी वाचकाला हवीच असेल तर ती ही आहे. पण फरारबाई परक्या धर्माच्या लोकांत आल्या होत्या आणि क्रिस्टी स्वतःच्या धर्माच्या लोकांत गेली. दोघींना एका पंगतीत बसवून प्रस्तावना लिहू नका. एकीने लिहिली होती. मी ती फाडायला लावली.

गावठी बोली

ही दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून तिच्याबद्दल जरा हळू बोलते.

वीसेक वर्षांपूर्वी याच डोंगरांतली एक लघुकथा मी मराठीत केली. त्यात एक म्हातारी होती, चुलीपुढे बसून सगळ्यांचं बघणारी. मूळ इंग्रजीत तिची बोली, 'इट'ला 'हिट' म्हणणारी, क्रियापदाच्या आधी 'अ' लावणारी. मी म्हटलं, बोलीला बोली. आणि तिच्या तोंडी घातली आपली सिनेमातली खेडवळ भाषा. थोडं सातारी, थोडं कोल्हापुरी, 'ण'चा 'न', जागोजागी 'म्या' आणि 'जनू'. स्वतःवर बेहद्द खूश होते.

माझ्या आत्या माण तालुक्यातल्या. अक्षरं लागायची नाहीत म्हणून त्यांना वाचून दाखवलं. दोन पानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ही म्हातारी कुठल्या गावची गं?" मी म्हटलं, अमेरिकेतली. "मग ती आमची टिंगल कशापायी करतीय?"

त्यानंतर मी ती कथा दोन वर्षं उघडली नाही.

आत्यांनी नेमकं पकडलं होतं. डोंगरातली ती इंग्रजी बिघडलेली नाही, जुनी आहे. शहरात मेलेली रूपं तिथे जिवंत राहिली, कारण मधे डोंगर होता. मी मात्र जुन्याच्या जागी अशुद्ध घातलं होतं आणि वाचकाला हसायला मोकळं केलं होतं. क्रिस्टीही सुरुवातीला जरा नाक मुरडतेच, वासाला, घाणीला, पोरांच्या कपड्यांना. पण कादंबरी तिचं नाक हळूहळू सरळ करते. पहिल्याच पानापासून डोंगरातली माणसं विनोदी बोलायला लागली तर ते सरळ होणार कसं?

एक वाक्य घेते, माझ्याच मनाचं. म्हातारी शिक्षिकेला सांगतेय की पाऊस येणार, गाय आत घ्यायला हवी. नवशिक्याचा पहिला प्रयत्न: "म्या म्हन्ते पाऊस यील जनू, गाईला आत घ्या की वो." मी रागावल्यावर दुसरा: "पावसाची शक्यता दिसत असल्याने गायीला आत घेणे आवश्यक आहे." म्हणजे म्हातारी तहसील कचेरीत नोकरीला लागली. माझं असं: "आभाळ भरून आलंय. गाय आत बांधून घे, बाई." एकही अक्षर मोडलेलं नाही. फक्त वाक्यं आखूड केली, संस्कृत शब्द गाळले आणि 'दिवेलागण', 'न्याहारी', 'कालवण', 'उंबरा' असले घरात वापरून गुळगुळीत झालेले शब्द पेरत गेले. मी एका चतकोर वहीत असे शब्द लिहून ठेवते, बहुतेक आत्यांकडून आलेले. पद्धत वगैरे काही नाही, वही आहे.

'टीचर'ला काय म्हणायचं हा प्रश्नही इथेच सुटतो. पोरं तिला 'टीचर' म्हणून हाक मारतात. 'मॅडम' केलंत तर शाळेला पंखे आणि हजेरीचं मस्टर आलं. मराठी पोरांनी शिक्षिकेला 'बाई' म्हटलंय, आणि त्या एका हाकेत आदर, धाक आणि पदराला धरून लोंबकळणं सगळं आहे.

मशीनने केलेले, आणि घाईने केलेले

फोनमध्ये परिच्छेद टाकून जे बाहेर येतं ते 'जरा हात फिरवून' आणणारे मला लांबून ओळखू येतात. 'मूनशाइन'चं 'चांदणं' केलेलं पान माझ्याकडे जपून ठेवलंय. त्यात एक माणूस रात्री लपूनछपून चांदणं गाळतो आणि अबकारीवाले त्याच्या मागावर असतात. अहो, हातभट्टी! मक्याची असते, एवढाच फरक. 'हॉलर' म्हणजे दोन डोंगरांमधली घळ. ती आरोळी झाली. 'ग्रॅनी वुमन' म्हणजे सुईण. तिची 'आजी' झाली, आणि ही अनोळखी आजी प्रत्येक बाळंतपणाला का हजर असते हे कुणालाच कळेना. स्मोकी डोंगरांचे एकाने 'धुमसते पर्वत' केले. तो धूर म्हणजे धुकं आहे, ज्वालामुखी नाही.

एका बाईंनी 'फादर' शोधून सगळीकडे एका झटक्यात 'धर्मगुरू' टाकलं. क्रिस्टीचे सख्खे वडील धर्मगुरू झाले. शिवाय प्रॉटेस्टंटांत 'फादर' नसतातच, मराठी प्रॉटेस्टंट घरांत 'पाळक' म्हणतात. हे शब्द कुठून आणायचे म्हणून विचारता ना, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. प्रार्थना, उपासना, मिशनची माणसं, त्यांचे रुसवेफुगवे, सगळं अस्सल मराठीत तिथे आहे. बायबलमधल्या ओळी मात्र स्वतः अनुवादू नका, छापील मराठी बायबल घ्या आणि तिथून उतरवा.

'बॅलड'चा पोवाडा करू नका. डफ नाही, शाहीर नाही, बहुतेकदा वाद्यही नाही. एकटी बाई काम करता करता दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी खुनाचं गाणं म्हणते. माझ्या कानाला ते जात्यावरच्या ओवीच्या जवळचं वाटतं. 'कथागीत' म्हणून पुढे चला.

आजारांना आपले शब्द द्या. कादंबरीतला डॉक्टर मॅकनील ज्या डोळ्यांच्या रोगाच्या मागे लागलेला असतो त्या ट्रॅकोमाला आपल्याकडे खुपऱ्या म्हणतात. टायफॉइड टायफॉइडच ठेवा किंवा म्हातारीच्या तोंडी 'मुदतीचा ताप' घाला.

जंगलात करवंदाच्या जाळ्या लावू नका. हौस म्हणून लावतात लोक. हे डोंगर २००० मीटरपर्यंत चढतात, जानेवारीत गुडघाभर बर्फ असतं, आणि तिथे जाळ्या असतात त्या लॉरेल नावाच्या झुडपांच्या.

मैलांचे किलोमीटर करू नका.

'सत्यकथा' म्हणून छापू नका. कॅथरिन मार्शल यांच्या आई, लिओनोरा व्हिटेकर, १९०९ साली टेनेसीत डेल रिओजवळच्या मिशनमध्ये शिकवायला गेल्या होत्या, हे खरं. कादंबरी त्यांच्या आठवणींवर उभी आहे, हेही खरं. पण लेखिकेने सालं बदलली, गावांची नावं बदलली, माणसं घडवली. लिओनोरांनी तिथल्या पाद्र्याशी लग्न केलं. क्रिस्टीसमोर तरुण पाद्री आणि डॉक्टर असे दोघं आहेत, आणि शेवट तुम्ही वाचलेला नसेल तर सुरुवातीच्या प्रकरणांत डॉक्टरचा सूर कसा लावायचा हे तुम्हाला कळणार नाही. "मी वाचत वाचतच अनुवाद करते, म्हणजे ताजेपणा राहतो," असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली दारातूनच परत पाठवते. १९९४ची टीव्ही मालिका बघून कादंबरी वाचली असं समजणाऱ्यांनाही.

हक्कांचं शेवटी सांगते, खरं तर ते पहिल्या दिवशी बघायचं असतं. लेखिका १९८३ला गेल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४३ संपेपर्यंत. छापायचं असेल तर आधी परवानगी. एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याकडे तीन जाडजूड वह्या घेऊन आले होते, अख्खी कादंबरी हाताने लिहिलेली. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "ते प्रकाशक बघतील हो." दोन प्रकाशकांनी बघितलं आणि वह्या परत केल्या. आता ते दर रविवारी एकेक प्रकरण स्वतःच्या आवाजात वाचून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. अनुवाद, खरं सांगायचं तर, बरा आहे. मी चहा पिताना ऐकते. फक्त सुईण अजूनही आजीच आहे.