खारीचं पिल्लू घरी आलंय? दुधाची वाटी आधी बाजूला ठेवा

पुण्यात खारींच्या पिल्लांचे फोन दोन प्रसंगी हमखास वाढतात. वळिवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून पडतात तेव्हा, आणि एसीच्या मागची किंवा गॅलरीतल्या माळ्यावरची सफाई निघते तेव्हा. मी एका बचाव गटासाठी अशी पिल्लं वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात जागा होईपर्यंत घरी सांभाळते. या कामात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, दूध कोणतं पाजू?" पहिले काही तास कोणतंच नाही, असं सांगितलं की बरेच जण हिरमुसतात. पण भुकेनं मरणाऱ्या पिल्लांपेक्षा घाईनं पाजलेल्या दुधानं मरणारी पिल्लं मी जास्त पाहिली आहेत.

त्याआधी पिल्लू खरंच अनाथ आहे का, ते बघा. घरटं मोडलं की आई पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकून देत नाही. पिल्लू धडधाकट आणि उबदार असेल तर बुटाच्या उघड्या खोक्यात जुन्या बनियनची घडी घालून, खाली कोमट पाण्याची बाटली ठेवून, सापडलं त्याच झाडाशी किंवा खिडकीशी ठेवा. मग लांब व्हा. कावळे आणि मांजरं येणार नाहीत एवढ्या अंतरावरून लक्ष असू द्या, मोबाइल घेऊन डोक्यावर उभं राहू नका. खार दिवसा वावरते, त्यामुळे उन्हं उतरेपर्यंत आई आली नाही तर त्या रात्री ती येणार नाही. पिल्लू जखमी, थंडगार किंवा मुंग्यांनी भरलेलं असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

कायद्याचंही सांगून टाकते. खार हा वन्यप्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ती पाळता येत नाही, आणि वन्यप्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत वनाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. घरी करायची ती पिल्लू योग्य हातात पडेपर्यंतची शुश्रूषा, तीही प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारत. पिल्लू शेकरूचं असेल तर तेवढंही करू नका. तो राज्यप्राणी आहे, लगेच वनविभागाला कळवा.

आता ऊब. पिल्लू तळहातावर घेतल्यावर गार लागलं तर त्याची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. अशा वेळी पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच नासतं. आधी हातात, ओढणीच्या आत धरून हळूहळू गरम करा. मग खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली हीटिंग पॅड, म्हणजे जास्त गरम झालं तर ते दुसऱ्या बाजूला सरकू शकेल. पॅड नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, पण तिच्यावर लक्ष हवं. पहाटे गार झालेली पिशवी उलट पिल्लाच्या अंगातलीच ऊब ओढून घेते. उघड्या कातडीच्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतात, लव आल्यावर थोडं कमी चालतं. अंथरायला टर्किशचा टॉवेल नको, नखं धाग्यांत अडकतात. सुटा कापूसही नको, त्याचे तंतू पायांना आवळून बसतात.

अंग उबदार झालं की पाणी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर शरीरात पाणी कमी आहे. औषधाच्या दुकानातलं साधं ओआरएस कोमट करून थेंब थेंब द्या. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाकायचं. चिमूटभर पावडर अंदाजाने वाटीत घालण्याचा मोह होतो, पण घट्ट झालेलं ओआरएस या जिवाला झेपत नाही. फळांच्या रसाचे गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

दूध त्यानंतर. गाई-म्हशीचं नाही, त्यानं हगवण लागते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर वापरतात. सुरुवातीला तीन भाग ओआरएस आणि एक भाग कालवलेलं दूध, मग पुढच्या पाजण्यांना दुधाचं प्रमाण वाढवत न्यायचं. एका वेळी वजनाच्या ५ टक्के पुरे. म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला फक्त १ मिलि! नवख्या माणसाचा यावर विश्वास बसत नाही आणि तो "अजून थोडं घे रे राजा" करत राहतो. त्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आधी विकत घ्या, बाकी खरेदी मागाहून. सिरिंज १ मिलिची, सुई काढून टाकलेली. पिल्लू पालथं किंवा उभं धरायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. डोळे मिटलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. उघड्या कातडीतून पोटात डावीकडे दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. पुढच्या वेळेपर्यंत तो तसाच असेल तर थांबा.

दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शू-शीची जागा हलकेच पुसा. आई हेच चाटून करते. डोळे उघडेपर्यंत पिल्लांना हे आपलं आपण जमत नाही. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला दुधाचं सगळं तोंडपाठ होतं, हे मात्र कुणी सांगितलंच नव्हतं.

आजारपणात सगळ्यात जास्त घाबरावं ते नाकातून आलेल्या दुधाला. सिरिंज जोरात दाबली की दूध श्वासनलिकेत जातं. लगेच पाजणं थांबवा, डोकं खाली करा, नाक टिपून घ्या. मग पुढचा दिवसभर पिल्लू अधूनमधून कानाशी धरून श्वास ऐका. टिक-टिक असा बारीक आवाज आला, किंवा ते तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. त्यावर घरगुती इलाज नाही, वाफ नाही, ओवा तर नाहीच. डॉक्टरांनी वजनावरून काढलेलं अँटिबायोटिकच लागतं. २० ग्रॅमच्या जिवाला लहान मुलांच्या सिरपचा एक थेंबही जास्त ठरू शकतो, म्हणून घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका.

पोट ढोलासारखं ताठ झालं तर दूध बंद, फक्त ओआरएस. कोमट पाण्यात कंबरेपर्यंत धरून बोटाने पोट हळुवार चोळा. बहुतेकदा दूध गार होतं, घट्ट होतं किंवा दुधाबरोबर हवा गिळली गेली होती, हेच कारण निघतं. हगवणीतही दूध थांबवून ओआरएस द्यायचं, पण चार-पाच तासांत फरक नाही तर दवाखाना. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू असेल तर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराचे दात सुईसारखे बारीक, वरून भोक मिटतं आणि आत पाश्चुरेला नावाचे जिवाणू रक्तात पसरतात. अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती माश्यांची अंडी. मऊ ब्रश आणि चिमट्याने एकूण एक काढा. कान, तोंड, शेपटीखालची जागा विसरू नका. गोचिडांची पावडर, हळद, रॉकेल यांतलं काही लावू नका.

एवढं करूनही काही पिल्लं पहाटेपर्यंत जातात. उंचावरून पडलेल्या पिल्लाला आत काय लागलंय ते बाहेरून कळत नाही. नव्या मंडळींना मी सांगते, पहिल्या आठवड्यात पिल्लाला नाव ठेवू नका. कुणी ऐकत नाही, मीही ठेवतेच.

डोळे उघडल्यानंतरचा धोका वेगळा. पिल्लू खांद्यावर खेळतं, बिस्किट खातं, शेंगदाणे खातं, घरातले खूश. मग एके दिवशी मागचे पाय ओढू लागतं. कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ झालेली असतात. बिस्किट आणि पोळी बंद, सुका मेवा अगदी थोडा. कोवळी पानं, भाज्या, थोडं फळ, खरवडायला साल असलेल्या ओल्या फांद्या आणि सकाळचं कोवळं ऊन. दूध साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत सुटतं. एकटं वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजू लागतं आणि बाहेर सोडलं की मांजराच्या पुढ्यात जाऊन बसतं. म्हणून डोळे उघडले की त्याला केंद्रात, त्याच्याच वयाच्या पिल्लांत नेऊन द्या.

नेऊन देताना वही सोबत द्या. रोज सकाळचं उपाशीपोटीचं वजन, पाजल्याची वेळ, मिलि, शीचा रंग, औषध कोणतं आणि कधी. सलग दोन दिवस वजन उतरलं असेल तर तिथल्या डॉक्टरांना ते तुम्ही काही सांगण्याआधीच वहीत दिसतं.