रीबूट मारला तरी कॉम्प्युटरचं नाव टिकायला पाहिजे, तर हे करा

उद्यमनगरात ओळखीच्या एका काकांचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथल्या ऑफिसात तीन जुने पीसी, तिन्हींवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मीच टाकलेलं आणि घाईत तिन्हींचं नावपण उबुंटूच ठेवलेलं. मग काय, नेटवर्कवर एक उबुंटू, दुसरा उबुंटू-२, तिसरा उबुंटू-३, आणि गंमत म्हणजे सकाळी जो आधी चालू होईल तो एक नंबर! काका बिलं शोधायला रोज वेगळ्याच मशिनमध्ये शिरायचे. म्हटलं नावं बदलूया. टर्मिनल उघडलं, सुडो होस्टनेम रंकाळा मारलं (सुडो म्हणजे ती कमांड अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालवायची), नाव बदललेलं दिसलं, चहा पिऊन घरी आलो. दुपारी लाइट गेली, आली, आणि काकांचा फोन, "अरे, तुझा रंकाळा आटला की रं!"

झालं काय, तर नुसती होस्टनेम कमांड नाव देते ते फक्त चालू कर्नलला, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या सिस्टिमच्या गाभ्याला. मशिन बंद, नाव खल्लास. बूट होताना सिस्टिम नाव वाचते ते ईटीसी फोल्डरातल्या होस्टनेम नावाच्या फाइलीतनं, आणि तिला आपण हातच लावलेला नसतो.

म्हणून कमांड वापरायची ती होस्टनेमसीटीएल, सगळं जोडून एकच शब्द. सुडो होस्टनेमसीटीएल, स्पेस, सेट-होस्टनेम, स्पेस आणि पुढं नवीन नाव. उबुंटू, डेबियन, फेडोरा, जिथं सिस्टिमडी (बूट होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) आहे तिथं सगळीकडं हेच चालतं, ती फाइलपण बदलते आणि चालू नावपण. नाव इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये घाला, आकडे आणि मधे डॅश चालतो, स्पेस आणि अंडरस्कोअर नको, आणि ६४ अक्षरांच्या वर लिनक्स घेतच नाही (एवढं मोठं नाव कोण ठेवतंय म्हणा).

आता नुसतं होस्टनेमसीटीएल मारून बघा. स्टॅटिक होस्टनेमच्या ओळीत नवीन नाव दिसलं की काम झालं. पण खाली ट्रान्झियंट होस्टनेम म्हणून वेगळंच नाव दिसत असेल तर समजा की मेमरीत एक आणि फाइलीत एक असा घोळ आहे, माझं पहिल्यांदा हेच झालेलं. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये जुनंच नाव दिसलं तर घाबरू नका, विंडो बंद करून परत उघडा.

अजून एक फाइल राहते, ती लोक हमखास विसरतात. त्याच ईटीसी फोल्डरात होस्ट्स नावाची फाइल असते, सुडो नॅनोनं (टर्मिनलमधला साधा एडिटर) उघडा. डेबियन-उबुंटूत १२७.०.१.१ ने सुरू होणारी ओळ असते, तिथलं जुनं नाव काढून नवीन लिहा, नाहीतर काही मशिनवर सुडो मारलं की 'अनएबल टू रिझॉल्व्ह होस्ट' म्हणून किरकिर चालू होते. वरच्या १२७.०.०.१ लोकलहोस्टच्या ओळीला मात्र हात लावू नका.

भाड्याचा क्लाउड सर्व्हर असेल आणि एवढं करूनपण जुनं नाव परत येत असेल, तर ते क्लाउड-इनिटचं, म्हणजे क्लाउड सर्व्हर बूट होताना त्याची सेटिंग भरणाऱ्या प्रोग्रामचं काम. ईटीसीमधल्या क्लाउड फोल्डरात क्लाउड डॉट सीएफजी फाइल आहे, त्यात प्रिझर्व्ह-होस्टनेमची ओळ असते (मधला डॅश मी वाचायला दिलाय, फाइलीत तिथं अंडरस्कोअर आहे), तिच्यापुढं फॉल्स असेल ते ट्रू करा. रास्पबेरी पाय वाल्यांनी एवढं काही करायला नको, रास्पी-कॉन्फिग या त्याच्या सेटिंगच्या प्रोग्रामात सिस्टिम ऑप्शन्समध्ये होस्टनेम आहे, दोन्ही फाइली तोच बदलतो.

मग रीबूट मारा आणि परत बघा, नुसती नवीन विंडो उघडून झालं म्हणू नका, मी तेच करून काकांकडनं ऐकून घेतलंय.

दुसऱ्या मशिनवर शेअर फोल्डरचे किंवा प्रिंटरचे शॉर्टकट जुन्या नावानं असतील तर ते नव्यानं करावे लागतात, वर्कशॉपात त्यातच अर्धा तास गेला. आता तिथं रंकाळा आणि पन्हाळा आहेत. तिसऱ्याला मी जोतिबा देणार होतो, पण काका म्हणाले देवाला रोज संध्याकाळी शटडाउन करायचं व्हय, म्हणून तो तांबडा झाला.